तुती, ह्वाय आणि उतू गेलेलं दूध

प्रिय चिऊ,

काल चिनी भाषेच्या तासाला 'जर् सांग मा ह्वाय' शिकून आलीस आणि जेवताना विचारलंस, "आई, जूनमध्ये सांगलीला दूध उतू गेलं तेव्हा आजी आत्याला का रागावली? गॅसपाशी तर तू होतीस." मी विषय बदलला. तो प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला, म्हणून लिहिते.

त्या म्हणीचा अर्थ, बोट तुतीकडे, शिव्या ह्वायला. ह्वाय म्हणजे बीजिंगच्या रस्त्यांवर सावली धरणारं झाड. 'छत्तीस युक्त्या' या चीनच्या जुन्या युद्धनीतीच्या पुस्तकात ही 26वी, सेनापतीच्या कामाची. प्राचीन चीनमधल्या छी राज्यात सिमा रांगच्यू नावाचा सेनापती होता. राजाचा लाडका सरदार छावणीत उशिरा आला, म्हणून त्याने त्याचं डोकं उडवलं. राजाचा दूत माफीचा निरोप घेऊन रथ भरधाव हाकत आत घुसला. छावणीत तोही गुन्हाच, पण राजाच्या दूताला हात कसा लावायचा? मग त्याचा नोकर मारला आणि रथाचा डावीकडचा घोडा. सगळं सैन्य सरळ झालं. त्या नोकराचा आणि घोड्याचा काय दोष, हे मला फार खुपतं.

आपल्याकडे म्हणतात, 'लेकी बोले सुने लागे'. लेक हक्काची, चार शब्द ऐकून संध्याकाळपर्यंत विसरते. सून दुसऱ्या घरची, तिला थेट बोललं तर गोष्ट माहेरापर्यंत जाते. म्हणून आजी म्हणाली, "काय गं, दुधाकडे लक्ष नको का कुणाचं?" आत्या तर अंगणात वेणी घालत होती! ती मुकाट्याने आली, ओटा पुसायला घेतला आणि माझ्या हातातलं फडकं घेताना माझी बोटं क्षणभर दाबली. तिच्या सासरी तीही सूनच आहे गं.

आजीने माझा मान राखला, हे मी मानते. पण मला बोललीच नाही म्हटल्यावर "चुकलं आई, फोन आला होता" हे तरी मी कुणाला सांगू? तेच जास्त लागलं.

आणि काल मीही तेच केलं. बाबांना ऐकू जावं म्हणून तुझ्याकडे बघत म्हणाले, "या घरात ताट उचलायला हात दुखतात सगळ्यांचे." तू तुझं उचललंस, बाबांचंही उचललंस. ते तुला नव्हतं, बाळा. आज सकाळी मी बाबांनाच सांगितलं.

तुझी,
आई