जोराच्या वाऱ्यात मोठ्या झुलत्या पुलावरून कुणी गेलंय का? भीती वाटते का?

गेलोय, एकदाच. भीती वाटली, पण वेगळ्याच गोष्टीची.

आम्ही कोल्हापूरचे, शुक्रवार पेठेतले. आमच्याकडं पुलाची भीती म्हणजे पाण्याची भीती. पावसाळ्यात सगळे एकच विचारतात, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. आमचा शिवाजी पूल दगडी कमानींचा. तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा.

दादा मिशिगनला असतो. आईला घेऊन त्याच्याकडं गेलो होतो, तेव्हा ऑक्टोबरात तिथल्या मॅकिनॉ या झुलत्या पुलावरून गेलो. (स्पेलिंगच्या शेवटी 'सी' आहे, तो म्हणायचा नाही. मी म्हटला आणि दादा हसला.) पूल १९५७ चा, लांबी ८ किलोमीटर, दोन मनोऱ्यांमधला एकच गाळा ३८०० फुटांचा. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता आणि बोर्डावर ताशी २० मैलांची मर्यादा लागली होती. म्हणजे चारी इंडिकेटर लावून पंधरा मिनिटं पुलावरच.

आतल्या लेनमध्ये डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. चाकं जाळीवर चढली आणि पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा घूं आवाज गाडीभर झाला. माझे हात थंड पडले. आई मात्र निवांत. तिनं विचारलं, "पाणी पुलापासून किती खाली आहे रे?" दादा म्हणाला, मधोमध दोनशे फूट. "मग काय भ्यायचं," म्हणत तिनं भडंगाचा डबा उघडला.

दादाला गप्प बसवेना. त्यानं सांगितलं की जोराच्या वाऱ्यात मधला भाग ३५ फुटांपर्यंत बाजूला सरकू शकतो. पाळण्यासारखा झोके घेत नाही, वाऱ्याच्या रेट्यानं सावकाश एका अंगाला जातो. जाळीही त्यासाठीच, वारा आरपार जावा म्हणून. १९४० मध्ये अमेरिकेतलाच टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्यानं पिळवटून कोसळला, त्यातून इंजिनिअर लोक शिकले होते. मला हे ऐकून जरा बरं वाटलं. आईनं डब्याचं झाकण लावलं.

"पूल हलतो म्हंजे? आणि यावर गाड्या सोडत्यात?"

पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. मध्येच एक झोत असा आला की गाडी हातभर सरकल्यासारखी वाटली आणि दादानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. त्याच्या बोटांकडं बघून मला पुलापेक्षा जास्त भीती वाटली.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगतो. तिथं ज्यांना धीर होत नाही त्यांची गाडी पुलाचेच कर्मचारी पलीकडं नेऊन देतात, आधी सांगायचं. त्यात लाज कसली? आम्हाला हे टोलनाक्यावर पोचल्यावर कळलं, आणि नाका पलीकडच्या टोकाला आहे.

नाक्यावर आईनं विचारलं, परत जायला दुसरा रस्ता आहे का. होता, शिकागोवरून अख्ख्या मिशिगन सरोवराला वळसा घालून. दोन दिवसांनी त्याच पुलावरून आलो, बाहेरच्या डांबरी लेनमधून, कडक उन्हात. आईनं डोळे मिटूनच घेतले होते.