सबरेस घालताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या कॉम्प्युटरवरच्या रोल-प्लेइंग खेळाच्या एन्हान्स्ड एडिशनवर आमचा सर्व्हर आहे. त्यातलं जग आम्ही खानदेशासारखं उभं केलंय. ड्वार्फ रेसमध्ये (वंशात) लळिंगच्या डोंगराखाली राहणारे ‘भुयारी’ ही सबरेस (पोटवंश) घालायची आहे : स्ट्रेंग्थ (ताकद) +२, कॅरिस्मा (छाप पाडण्याचा गुण) −२. हिशेब जुळतो ना?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : कागदावर जुळतो, खेळात नाही. कॅरेक्टर बनवताना ३० पॉइंट मिळतात आणि प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो. १४ पर्यंत प्रत्येक पायरीला १ पॉइंट, १५ आणि १६ ला २-२, १७ आणि १८ ला ३-३. म्हणजे १६ स्ट्रेंग्थला १० पॉइंट लागतात आणि १८ ला १६. तुमचा भुयारी १० पॉइंटांतच १८ वर पोचतो. वाचलेल्या ६ पॉइंटांत तो दुसरा एखादा गुण ८ वरून थेट १४ वर नेतो. आणि कॅरिस्मा? फायटर (लढवय्या) करणारा ती तशीही तळालाच ठेवतो. ड्वार्फला मुळातच कॅरिस्मा −२ आहे, तुमचे −२ धरून ती ४ वर येईल, पण त्याला तिचं काम पडतं कुठे? हाफ-ऑर्कला +२ स्ट्रेंग्थच्या बदल्यात इंटेलिजन्स आणि कॅरिस्मा दोन्हींत −२ दिलेत, त्यामागे हेच कारण आहे.

किंमत अशी ठेवा की ती खेळताना मोजावी लागेल. भुयारात राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही, हा नियम इथे चपखल बसतो. दिवस आहे, एरिया जमिनीवरचा आहे आणि घराच्या आतला नाही, या तिन्ही अटी जुळल्या की अटॅकवर −२ लावा. मूळ सेटिंगमध्ये खेळातला एक तास म्हणजे घड्याळाची २ मिनिटं. पहाट ६ ला, सांज १८ ला. म्हणजे २४ मिनिटं ऊन आणि २४ मिनिटं रात्र. एवढ्यात खेळाडू दिवसाचं नियोजन करायला शिकतो : मेच्या दुपारी भुसावळात जसं कोणी कामाशिवाय बाहेर पडत नाही, तसं.

तपासणी फक्त एरियात शिरतानाच्या स्क्रिप्टमध्ये टाकू नका. मैदानात उभं असताना उजाडलं तर ती चालतच नाही. मॉड्यूलच्या हार्टबीटमध्ये टाका, ती दर ६ सेकंदांनी चालते. मात्र दर फेरीला नवा −२ लावत गेलात तर −४, −६ अशी रास चढते आणि चार-पाच फेऱ्यांत बिचाऱ्याचा एकही वार लागत नाही. म्हणून इफेक्टला टॅग द्या. तो टॅग आधीच लागलेला असेल तर काही करू नका, सावलीत आल्यावर त्या टॅगचा इफेक्ट तेवढा काढा. इफेक्ट सुपरनॅचरल करा, नाहीतर एक डिस्पेल (जादू उतरवणारा मंत्र) मारून किंवा विश्रांती घेऊन खेळाडू मोकळा होतो.

सबरेस खूपच जोरदार असेल, तर लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट लावा. ती म्हणजे लेव्हल चढायला जास्त एक्सपी (अनुभवाचे गुण) मागणं. हा खेळ ज्यावर बेतलाय त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत ड्राउला (भुयारी एल्फना) ती +२ आहे. ५ व्या लेव्हलला १०,००० एक्सपी लागतात. +२ वाल्याला ७ व्या लेव्हलचे, म्हणजे २१,००० धरायचे. बरेच सर्व्हर त्याऐवजी मिळणारा एक्सपीच कापतात : लेव्हल भागिले लेव्हल अधिक २. तिसऱ्या लेव्हलला २०० चे १२० हातात येतात, पण अठराव्याला १८०. किंमत सुरुवातीला जाचक आणि पुढे जवळजवळ फुकट, म्हणून मला ही रीत पटत नाही.

प्रश्न : आमच्या एल्फ सबरेसची डेक्स्टेरिटी प्रत्येक लॉगिनला २ ने वाढतेय. आधी बोनस कातडीवर होता, तेव्हा असं होत नव्हतं.
– एक वाचक, धुळे

उत्तर : कातडी, म्हणजे क्रीचर हाइड, ही लपलेल्या जागेतली वस्तू. तिचा बोनस ती अंगावर असेपर्यंतच. त्यातली उणीव अशी की तिच्यावरची डेक्स्टेरिटी फीटच्या (खास कौशल्याच्या) अटीत धरली जात नाही आणि इंटेलिजन्स स्किल पॉइंट देत नाही. म्हणून तुम्ही एनडब्ल्यूएनएक्सने (सर्व्हरला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमने) मूळ गुणच बदललात, ते योग्यच केलंत. पण तो बदल कॅरेक्टरच्या फाइलमध्ये कायमचा बसतो आणि लॉगिनची स्क्रिप्ट दर वेळी चालते. म्हणून एकदाच दिल्याची खूण हवी. ती खेळाडूवर व्हेरिएबल म्हणून ठेवलीत तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर पुसली जाते. वस्तूवरचं व्हेरिएबल मात्र फाइलसोबत जपलं जातं, तेव्हा खूण कातडीवरच ठेवा. बोनस आणि खूण दिल्यावर लगेच कॅरेक्टर एक्सपोर्ट करा.

खूण वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवू नका. सर्व्हर मधेच कोसळला तर डेटाबेस म्हणतो ‘दिलं’ आणि फाइलमध्ये काहीच नसतं. फुगलेली कॅरेक्टर्स सर्व्हर व्हॉल्टच्या (कॅरेक्टरच्या फाइली ठेवायच्या फोल्डरच्या) जुन्या बॅकअपशी ताडून दुरुस्त करा.

प्रश्न : सबरेसना भिल्ल, पावरा अशी नावं दिली तर आपल्या भागाचं वाटेल. चालेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : देऊ नका. हे हाडामासाचे समाज आहेत आणि सबरेस म्हणजे अधिक-उण्याचा तक्ता. कुणाच्या समाजापुढे ‘इंटेलिजन्स −२’ लिहिलेलं त्याच्याच मुलाने स्क्रीनवर वाचावं, हे होता कामा नये. आणि नुसते अधिकच दिले, तरी माणसाचा स्वभाव जन्मावरून ठरवल्यासारखं होतं. भूगोल घ्या, तो भरपूर आहे. उनपदेवच्या गरम झऱ्यांवरून ‘झरेकर’ करा, अग्नीला ५ रेझिस्टन्स द्या. तोरणमाळच्या पठारावरून थंडी सोसणारे करा. अहिराणीही राक्षसांच्या तोंडी घालू नका. ती गावातल्या दुकानदाराच्या, पाटलाच्या तोंडी येऊ द्या.

प्रश्न : नवी रेस यादीत दिसते, पण नावाच्या जागी ‘बॅड स्ट्ररेफ’ येतं. नाव देवनागरीत लिहिलं तर कचरा उमटतो.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : स्वतःच्या टीएलके फाइलमधल्या (खेळात दिसणारा मजकूर ठेवणाऱ्या फाइलमधल्या) ओळीचा नुसता क्रमांक चालत नाही, त्यात १६७७७२१६ मिळवावे लागतात. नोंदीचा क्रमांक ५ असेल तर रेशियलटाइप्सच्या (रेसच्या यादीच्या) तक्त्यात १६७७७२२१ लिहा. ती टीएलके मॉड्यूलच्या प्रॉपर्टीजमध्ये जोडलेली आहे आणि खेळाडूंपर्यंत पोचते, हेही पाहा. देवनागरी मात्र हा खेळ दाखवत नाही, त्याची अक्षरयोजना जुन्या ८ बिटांची आहे. नाव रोमनमध्येच लिहा.

नवी ओळ तक्त्याच्या शेवटीच घाला. मधे घुसवलीत तर खालचे क्रमांक सरकतात, आणि कॅरेक्टरच्या फाइलमध्ये रेस क्रमांकानेच लिहिलेली असते. शिवाय नवी ओळ म्हणजे खेळाच्या लेखी वेगळी रेस. ‘फक्त ड्वार्फसाठी’ असलेली कुऱ्हाड तिच्या हाती चालणार नाही आणि ड्वार्व्हन डिफेंडर या ड्वार्फसाठीच्या खास क्लासच्या अटींच्या तक्त्यातही तिची ओळ तुम्हालाच घालावी लागेल.