आरव्ही घेऊन हिवाळ्यात कुठे जावं? आधी तिथली रात्र बघा

तुम्ही विचारलंय की मिशिगनमध्ये राहता, दोघंही नुकतेच निवृत्त झालात, २८ फुटी मोटरहोम (म्हणजे आरव्ही, राहायची सोय असलेली गाडी) घेतलंय आणि जानेवारी ते मार्च कुठेतरी उबेला काढायचे आहेत. पत्नीला गुडघ्यांचा संधिवात आहे. तेव्हा फ्लोरिडा, टेक्सास की ॲरिझोना?

आम्ही मिनेसोटाचे. गेले सहा हिवाळे मी आणि आमचे हे गाडीतच काढतो, आणि ही तिन्ही राज्यं राहून पाहिली आहेत. माझं पहिलं सांगणं हे की राज्य निवडू नका. जानेवारीतली रात्र निवडा. दुपारचं तापमान सगळेच सांगतात, जाहिरातीतही तेच छापतात. पण घर आणि आरव्ही यांत फरक रात्री पडतो. गाडीच्या भिंती दोन-तीन इंचांच्या, पाण्याचा होज उघड्यावर जमिनीवर पडलेला, सांडपाण्याच्या टाक्या पोटाखाली लटकलेल्या. पारा शून्याखाली गेला की दुपारी कितीही छान ऊन असलं तरी सकाळचे तुमचे हाल ठरलेले.

पहिल्या वर्षी आम्ही नकाशा पसरून बसलो आणि जितकं दक्षिणेला तितकं ऊबदार, असा साधा हिशेब केला. ॲरिझोनात टूसॉनच्या पूर्वेला बेन्सन नावाचं गाव आहे, तिथे महिन्याची जागा घेतली. दुपारी सतरा-अठरा अंश, निळंभोर आकाश, स्वेटरसुद्धा नको. तिसऱ्या दिवशी पहाटे चहाचं आधण ठेवायला नळ सोडला तर थेंब नाही. हे बॅटरी घेऊन बाहेर गेले. पांढरा होज काठीसारखा ताठ झाला होता, वाकवला की आत बर्फ करकरत होता. फिल्टरचं प्लास्टिकचं भांडं वरपासून खालपर्यंत उभं तडकलं होतं. दहा वाजेपर्यंत उन्हात होज वितळायची वाट बघत बसलो. पुढे त्या महिन्यात रोज रात्री होज काढून गुंडाळायचा, सकाळी पुन्हा जोडायचा, हा नेमच झाला.

कारण नंतर कळलं. बेन्सन समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फुटांवर आहे, शिवाय नदीच्या खोऱ्यात, जिथे रात्री थंड हवा उतरून साचते. त्याच राज्यातलं युमा नकाशावर बेन्सनच्या थोडं उत्तरेलाच आहे, पण उंची जेमतेम दीडशे फूट. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंश सेल्सियसने उतरतं. बेन्सनला जानेवारीची रात्र शून्याच्या आसपास, युमाला आठ-नऊ अंश. आणि फ्लॅगस्टाफ तर ७,००० फुटांवर, तिथे चक्क बर्फ साचतो. तिन्ही ॲरिझोनाच. म्हणून कुठलंही गाव डोळ्यात भरलं की आधी त्याची उंची बघा, मग नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर मागच्या जानेवारीतलं रोजचं किमान तापमान बघा. सरासरीवर थांबू नका; होज सरासरीने फुटत नाही, एका रात्रीने फुटतो.

त्यानंतर तीन हिवाळे आम्ही युमाला गेलो आणि माझा जीव तिथेच अडकलाय. जगातल्या सर्वांत जास्त सूर्यप्रकाशाच्या जागांमध्ये या गावाची गणना होते आणि ते रोज जाणवतं. मी गाडीत विरजण लावते. बेन्सनला रात्रभर ठेवूनही दूधच राहायचं. युमाला सकाळी डबा टॉवेलात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवला की चारपर्यंत घट्ट दही. माझ्याही गुडघ्यांना त्या कोरड्या उबेत खरंच बरं वाटलं, दोन महिने सकाळी कुरकुर नव्हती. हे माझ्या शरीराचं सांगते आहे, तुमच्या पत्नीचं त्यांनाच अनुभवावं लागेल. गावाभोवती कोबी-लेट्यूसची अफाट शेती आहे. हिवाळ्यात अमेरिका खाते ती बहुतेक पालेभाजी इथून जाते. शेताच्या बांधाजवळची जागा घेतलीत तर खताचा वास आणि धूळ दोन्ही सोसावी लागेल, आणि लष्करी विमानतळ असल्यामुळे लढाऊ विमानांची घरघर असते. जागा घेण्याआधी एक दुपार तिथे खुर्ची टाकून बसा.

युमाहून काही मैलांवर मेक्सिकोतलं लोस अल्गोदोनेस आहे. गाडी अलीकडे लावून चालत पलीकडे जायचं, दात आणि चष्म्याचं काम करून परत यायचं, असं हजारो स्नोबर्ड, म्हणजे आपल्यासारखे हिवाळ्यात उबेला येणारे, करतात. ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. परतीची रांग जानेवारी-फेब्रुवारीत फार लांबते. संधिवात असलेल्या माणसाने घडीची खुर्ची नेल्याशिवाय त्या रांगेत उभं राहू नये.

ॲरिझोनाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती फारसं कुणी सांगत नाही. फिनिक्स-टूसॉनकडच्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो. धुळीतून फुप्फुसात जातो, माणसाकडून माणसाला लागत नाही. लक्षणं न्यूमोनियासारखी दिसतात, म्हणून मिशिगनच्या डॉक्टरच्या डोक्यात तो पटकन येणार नाही. परतल्यावर लांबलेला खोकला-ताप आला तर 'आम्ही ॲरिझोनात होतो' हे आपणहून सांगा.

ॲरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइट गावाचं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. तिथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या ला पोसा भागात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. आम्ही राहिलो तेव्हा अख्ख्या हंगामाचे १८० डॉलर होते. पण वीज नाही, नळ नाही; पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला गाडी हलवून ठरलेल्या जागी जायचं. सौर पॅनेल आणि चांगल्या बॅटऱ्या नसतील तर पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका. एखादा दिवस बघायला मात्र जा. तिथल्या दफनभूमीत दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. अमेरिकी लष्कराने १८५०च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्याचं हे थडगं. त्याचं नाव हाजी अली. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं 'हाय जॉली' झालं. मी गिरगावात वाढलेली, लहानपणी हाजी अलीच्या दर्ग्याला भरती-ओहोटी बघून जाणारी. त्या उजाड माळावर ते नाव वाचून मी किती तरी वेळ तिथेच उभी होते.

आता टेक्सास. टेक्सास म्हणजे तिथलं अगदी खालचं टोक, रिओ ग्रँडची दरी: मिशन, मॅकॲलन, वेस्लाको, हार्लिंजन. स्थानिक लोक आपल्याला 'विंटर टेक्सन' म्हणतात आणि खरोखर आपुलकीने वागवतात. दुपार वीस-एकवीस अंश, रात्र दहाच्या आसपास. पंचावन्नच्या वरच्यांसाठी आरव्ही पार्क ढीगभर आहेत, त्यात मिनेसोटा-आयोवाची माणसं खूप, कारण इंटरस्टेट ३५ आमच्या डुलुथहून निघतो तो थेट लरेडोला पोचतो. पार्कात पत्ते, सुतारकाम, नाच, पोहणं सगळं चालतं. तुमच्या पत्नीसाठी गरम पाण्याचा तलाव असलेला पार्क बघा. पक्षी बघायची हौस असेल तर बेंटसन स्टेट पार्क आणि सांता आना अभयारण्य जवळच आहेत. हिरवाकंच ग्रीन जे पहिल्यांदा समोरच्या फांदीवर बसला तेव्हा ह्यांनी हातातला चहा गार होऊ दिला.

उणं काय? ढग. उत्तरेचा वारा सुटला की तीन-तीन दिवस आभाळ भरलेलं, दमट गारवा हाडांत शिरतो, आणि संधिवाताला तो चालत नाही. मग दोन दिवस ऊन, मग पुन्हा तेच. फेब्रुवारी २०२१च्या लाटेत तर तिथेही पारा शून्याखाली गेला, वीज गेली, संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या बागा होरपळल्या. असं क्वचित होतं, पण गाडी गरम ठेवणाऱ्या प्रोपेन गॅसची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही हे आम्ही तेव्हापासून पाळतो.

फ्लोरिडा तुम्हांला सगळ्यात सोपा रस्ता. इंटरस्टेट ७५ मिशिगनहून मायामीपर्यंत जातो. पण जानेवारीत ऊब हवी तर लेक ओकीचोबीच्या खाली उतरावं लागतं. पेन्साकोलाचा वरचा पट्टा रात्री चांगलाच गारठतो. दक्षिण भाग हिवाळ्यात कोरडा, सुंदर आणि महाग. स्टेट पार्क बाहेरच्या राज्यातल्यांना दहा महिने आधी बुक करता येतात, तिथल्या रहिवाशांना अकरा, म्हणजे चांगल्या जागा आपल्या आधीच गेलेल्या असतात. तुम्ही सप्टेंबरात विचारताय, या हंगामासाठी मी तिकडे वेळ घालवणार नाही.

दिवसाची लांबीही मोजा. डिसेंबरच्या शेवटी मिनिआपोलिसला पावणेनऊ तासांचा दिवस, मिशनला जवळजवळ साडेदहा. अंधारात गाडी फार लहान वाटते, आणि दोघांनी तीन महिने त्यातच काढायचे असतात.

जागेइतकाच महत्त्वाचा विमा. तुमचं साधं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर ते घेणाऱ्या कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरकडे जाता येतं. मेडिकेअर ॲडव्हान्टेज (तोच विमा, पण खाजगी कंपनीमार्फत) असेल तर तातडीचे उपचार कुठेही मिळतात, पण नेहमीची तपासणी, गुडघ्याची फिजिओथेरपी यांना बहुधा घरच्या नेटवर्कचं बंधन असतं. निघण्याआधी कंपनीला फोन करा. आमच्या शेजारच्या गाडीतल्या एका बाईंना हे तिथे पोचल्यावर कळलं आणि फेब्रुवारीत विमानाने घरी जावं लागलं.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी मिशनला जानेवारी काढला असता. मिशिगनहून युमा दोन हजार मैलांच्या वर, आणि नव्या माणसाने नवी गाडी घेऊन जानेवारीत तेवढं अंतर तोडू नये. सूर्य कमी पडतोय असं वाटलं तर फेब्रुवारीत इंटरस्टेट १० आणि पुढे इंटरस्टेट ८ धरून युमाला जा, घाई न करता. तीन महिन्यांचे पैसे एकाच पार्कात अडकवू नका. महिन्याच्या भाड्यात वीज बहुधा वेगळी, मीटरवर असते, तेही विचारून घ्या. आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर काही पार्क घेतच नाहीत. निघताना पाण्याच्या नळ्यांतलं गुलाबी अँटिफ्रीझ (नळ्या गोठू नयेत म्हणून भरतात ते) काढू नका, टेक्सास लागून रात्री शून्याच्या वर राहायला लागल्या की मग धुऊन काढा. तोवर कॅनमधलं पाणी पुरतं.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी पार्कच्या ऑफिसात फोन करून एवढंच विचारा: 'मागच्या हिवाळ्यात किती रात्री तुम्ही लोकांना होज काढून ठेवायला सांगितलंत?' ऑफिसातल्या बाईंना हे पाठ असतं, त्या खरं सांगतात. बेन्सनच्या पार्कात मी नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, 'जवळजवळ रोजच.' मिशनला उत्तर आलं, 'एकदा, बहुतेक दोनदा.' तुम्हांला काय सांगतात ते खाली लिहा, म्हणजे फेब्रुवारीचं पुढचं बघू.