‘स्वमत’ही पाठ करणारा मुलगा

“मुलगा पाठांतरात हुशार आहे, पण स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहायला सांगितल्या की गप्प बसतो. याला विचार करायला शिकवायचं कसं?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक पालक येतात. त्यांपैकी नाशिकच्या इंदिरानगरमधील आठवीतल्या एका मुलाची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

आईने वही सोबत आणली होती. मराठीच्या कृतिपत्रिकेत पाठावर स्वतःचे मत मांडण्यासाठी ‘स्वमत’ ही कृती असते. या मुलाने तीही गाइडमधून उतरवून पाठ केली होती आणि तिला चांगले गुणही मिळाले होते. मात्र एका चाचणीत अपरिचित उतारा आला, तेव्हा त्याने स्वमताची जागा कोरी सोडली आणि आईच्या मनात काळजी शिरली.

मी त्याला पहिलाच साधा प्रश्न विचारला, तेव्हा त्याने आईकडे पाहिले आणि आईने उत्तर देऊन टाकले. दुसऱ्या प्रश्नालाही तेच झाले. यात माया होती, पण मुलाच्या वाट्याचा वेळ त्यात निघून जात होता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातील संवाद तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात, उत्तरच न देण्याचे प्रमाण घटते आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. घरातही याहून वेगळे घडत नाही.

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी त्याला गोदावरीच्या पुराविषयी विचारले. पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिककर त्याचा अंदाज बांधतात. त्याने आजोबांबरोबर ते पाहिले होते. “पाणी छातीपर्यंत होतं, पण पाऊस तर थांबला होता,” तो म्हणाला.

“मग पाणी आलं कुठून?”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “गटारांचं असेल.” मी ते उत्तर खोडले नाही, पाऊस थांबल्यावर गटारांचे पाणी वाढेल की कमी होईल, एवढेच विचारले. त्याने कागद ओढून वर त्र्यंबकेश्वर, मध्ये गंगापूर धरण आणि खाली रामकुंड असे काढले. तिकडे पाऊस चालू असेल, धरण भरले असेल, म्हणून पाणी सोडले असेल, असे तो जुळवत गेला आणि शेवटी म्हणाला, “मग घाटावरच्या टपरीवाल्यांनी इथला पाऊस बघून उपयोग नाही, त्र्यंबकचा बघायला हवा.” हे वाक्य कोणत्याही गाइडमध्ये नव्हते.

आई-वडिलांना मी सांगितले, की प्रश्न विचारून थांबा आणि “तुला असं का वाटलं?” हे त्याचे उत्तर बरोबर असतानाही विचारा, केवळ चुकल्यावरच विचारले, तर तो प्रश्न म्हणजे चुकीची खूण ठरतो आणि मूल लगेच उत्तर बदलते. पाठांतर बंद करू नका, कारण पाढे, कविता, व्याख्या हे विचाराला लागणारे साहित्यच आहे. गाइड मात्र स्वतःच्या दोन मोडक्यातोडक्या ओळी लिहून झाल्यावरच उघडावे.

“अशाने तो उलट बोलायला लागेल,” अशी वडिलांना भीती होती. तो असहमत होईल, हे मी नाकारले नाही. मात्र कारण देऊन केलेला विरोध आणि उद्धटपणा यांतला फरक त्याला घरातच शिकता येईल. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावे आणि मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी, ही अपेक्षा शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही आहे.

पुढच्या चाचणीत स्वमताचे गुण थोडे घसरले. दहावीपर्यंत गाइडच बरे का, असे आईने फोनवर विचारले. मी नको म्हटले. बोर्डाची परीक्षा अजून दूर आहे, आणि आता वहीत त्याचीच वाक्ये असल्यामुळे शुद्धलेखन आणि मांडणी कुठे सुधारायची, हे त्याच्या शिक्षिकांना दाखवता येईल.