लस आल्यावर जंतूंवर नजर ठेवायची कशाला?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘नीट’ दोनदा दिली, जमलं नाही. आता तिला न्यूमोकोकसच्या (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणाऱ्या जंतूच्या) बदलत्या स्ट्रेन्सवर, म्हणजे उपप्रकारांवर, लक्ष ठेवण्याच्या कामात जायचंय. पण याची लस तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग या कामाला भविष्य किती? त्यापेक्षा तिने बीएड करावं असं आम्हाला वाटतं. – एक पालक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण इथे गणित उलटं आहे. लस आली की हे काम वाढतं.

न्यूमोकोकसभोवती शर्करेचं कवच असतं. त्या कवचाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, त्यांना सीरोटाइप म्हणतात. लस त्यांतल्या मोजक्याच प्रकारांवर चालते. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची लस आली आणि लहान मुलांमधले त्या प्रकारांचे गंभीर आजार झपाट्याने घटले. पण मुलांच्या नाकाघशात मोकळी झालेली जागा लसीबाहेरच्या प्रकारांनी घेतली आणि त्यांतला ‘१९ए’ हा प्रकार वाढू लागला. काही जंतूंनी तर नुसतं कवच बदललं : आधी प्रकार ४ चं कवच असलेल्या एका वंशाने १९ए ची जनुकं उचलली. हे कळलं ते रुग्णांच्या रक्तातून आणि पाठीतल्या पाण्यातून वाढवलेले जंतू वर्षानुवर्षं प्रयोगशाळेकडे येत होते म्हणून. २०१० मध्ये १३ प्रकारांची लस आली, तिच्यात १९ए होता. मग इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांत ८, ९एन आणि १२एफ वर आले. प्रकार ३ तर लसीत असूनही हटला नाही. (मुलांचे एकूण आजार लसीआधीपेक्षा पुष्कळ कमीच राहिले. ‘लस फसली’ असा अर्थ कुणी काढू नये.)

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, सुरुवात हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांतून. २०२१ मध्ये ती देशभर गेली. पुण्याच्या सीरमने दहा प्रकारांची लस काढली आहे. तिच्यात १९ए आहे, ३ नाही. इथे लसीनंतर कोण वर येतं, हे पाहायला माणसं लागणारच आहेत.

आता हे काम दिसतं कसं ते मुलीने नीट समजून घ्यावं. जिनोम (जंतूचा संपूर्ण जनुकीय मजकूर) हा शब्द ऐकायला छान वाटतो, पण आधी जंतू हातात यावा लागतो. रुग्ण बहुतेकदा अँटिबायोटिक घेऊनच येतो आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातून जंतू वाढवून पाहणं, कोरं निघतं. शिवाय न्यूमोकोकस नाजूक असतो, तो वाढवलेली थाळी (प्लेट) जुनी झाली की स्वतःच विरघळून मरतो. आधी ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या जेलीवर) कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवणं, मग ओळख पटवायला ऑप्टोचिन या औषधाची डिस्क आणि पित्तात विरघळतो का याची चाचणी, मग उणे सत्तर-ऐंशी अंशांवर साठवण. हे जमल्यावर सीरोटाइप ठरवायचा आणि सुमारे एकवीस लाख अक्षरांचा जिनोम वाचायचा. तरीही आकडा फसवू शकतो. एखाद्या मोठ्या रुग्णालयाने नमुने पाठवणं थांबवलं, तर कागदावर आजार कमी झाल्यासारखा दिसतो. हे ओळखणारी नजर साथरोगशास्त्रातून येते. माझ्या मते खरी टंचाई इथेच आहे : प्लेटही कळते आणि डेटाही कळतो, अशी माणसं थोडी.

पैशांचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावरच्या असतात, कंत्राटी, अनुदान संपलं की दुसरीकडे. नुसत्या एमएस्सीवर बढती लवकर अडते, पीएचडी लागते. रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात वरची जागा सहसा एमडीवाल्यांकडेच जाते, त्यामुळे तिने संदर्भ प्रयोगशाळा, संशोधन संस्था आणि लस कंपन्या नजरेसमोर ठेवाव्यात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये न्यूमोकोकसवर बरीच वर्षं काम चालू आहे. घर सोडावं लागण्याची शक्यता आहे. त्याला तुमची तयारी आहे का, हे आधी घरात बोलून घ्या.

एमएस्सीसाठी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांबरोबर ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’ दोन्ही पाहावेत. त्यानंतर फेलोशिपसाठी ‘नेट’ परीक्षा. जिनोमचा डेटा हाताळायला लागणाऱ्या लिनक्स या संगणक प्रणालीची आणि पायथन, आर या प्रोग्रॅमिंग भाषांची ओळख आतापासूनच करून घ्यावी. सरावासाठी न्यूमोकोकसचे हजारो जिनोम सर्वांसाठी खुले आहेत. संख्याशास्त्राला ती घाबरत असेल, तर हा रस्ता तिला जड जाईल.

आणि प्रवेशाआधी तिने काही आठवडे ब्लड कल्चर होणाऱ्या प्रयोगशाळेत काढावेत. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. प्राचार्यांचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटा. तिथे नकार मिळाला, तर मोठ्या खासगी रुग्णालयांत विचारा. रोज सकाळी प्लेटा पाहून, नोंदी करूनही तिचा उत्साह टिकला, तर एमएस्सीचे अर्ज भरू द्या. बीएड पुढच्या वर्षीही करता येईल.