“दगडं पाहून पोट भरते का?”

वावर आणि घर : वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

प्रश्न : मावशी, मी मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अमरावतीला भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. एमएस्सीचा फॉर्म भरला आणि तेवढ्यात लग्न जुळलं. आता दोन लेकरं आहेत, सहा एकर सोयाबीन-तूर आहे, आणि मागच्या निवडणुकीपासून मी ग्रामपंचायतीत सदस्य आहे. गावच्या पाण्याचं काम माझ्याकडे आलंय. मामाजींनी दोन वर्षांत पाणाड्या आणून तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे. मी काही बोलले की म्हणतात, “दगडं पाहून पोट भरते का?” परवा मुलीच्या शाळेतल्या प्रश्नमंजूषेत डेम मारिया ओगिल्वी गॉर्डन हे नाव आलं. खाली एवढंच, ‘स्कॉटलंडच्या भूगर्भशास्त्रज्ञ व समाजनेत्या’. त्यांनी समाजकार्यासाठी शास्त्र सोडलं होतं का? माझं तसंच झालंय म्हणून विचारते. शिकलेलं वाया गेलं असं सारखं वाटतं.

उत्तर : नाही सोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझा प्रश्न वाचून माझा जीव तिथंच अडकला.

मारियाबाई (मी त्यांना असंच म्हणते, एकतीस वर्षं विहिरी मोजलेल्या बाईला तेवढा हक्क असू दे) जन्मल्या १८६४ साली, अ‍ॅबर्डीनशायरमधल्या मोनिमस्क नावाच्या गावी. वडील पाद्री आणि हेडमास्तर. अठराव्या वर्षी पोरगी लंडनला गेली ती पियानो शिकायला! तो मधेच सोडून विज्ञानाकडे वळली आणि १८९० मध्ये लंडनची बीएस्सी झाली. पुढं शिकायला जर्मनी गाठलं, तर बर्लिनच्या विद्यापीठात बायांना प्रवेश नव्हता. म्युनिचलाही रीतसर नाव घालता येत नव्हतं. काही प्राध्यापकांनी आपल्या भरवशावर शिकवलं, म्हणून जमलं.

१८९१ च्या उन्हाळ्यात रिश्टहोफेन नावाच्या नावाजलेल्या भूगर्भशास्त्रज्ञानं त्यांना डोलोमाइटच्या डोंगरांत नेलं. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियात होता, आज इटलीत आहे. तुझ्या-माझ्याकडचे डोंगर कसे, भाकरीवर भाकरी रचावी तसे लाव्हाचे थर, माथा सपाट. डोलोमाइट त्याच्या उलट. जुन्या समुद्राचा तळ वर आलेला, प्रवाळ आणि शिंपल्यांनी भरलेला, आणि कडे असे की खाली पाहिलं तर पोटात गोळा यावा. मारियाबाईंच्या आधी पुष्कळांची समजूत अशी की हे सुळके म्हणजे जागच्या जागी वाढलेली प्रवाळाची बेटं, बस. बाईंनी उन्हाळ्यामागून उन्हाळे थरन् थर नकाशावर उतरवला आणि दाखवून दिलं की नुसती बेटं नाहीत, थर मागाहून सरकलेत, एकावर एक चढलेत, वेगवेगळ्या दिशांनी दाब येऊन पिळले गेलेत. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकं धरून पिळलं की त्याच्या घड्या कशा तिरप्या पडतात, ते डोळ्यासमोर आण. सगळ्यांना हे पटलं असं नाही. पण नकाशा तिथं होता. ज्याला वाद घालायचा त्यानं आधी डोंगर चढायचा.

१८९३ ला लंडन विद्यापीठाची डीएस्सी मिळाली. भूगर्भशास्त्रात ती मिळवणारी पहिली बाई. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लॉरेन्स बॅस्कम यांनीही भूगर्भशास्त्रातच डॉक्टरेट मिळवली, पण वर्गात त्यांना पडद्याआड बसवत, मुलांचं लक्ष उडू नये म्हणे. १८९५ मध्ये मारियाबाईंचं लग्न झालं, अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टर जॉन गॉर्डन यांच्याशी. आता ऐक, इथं तुझी गोष्ट सुरू होते. म्युनिचची डॉक्टरेट त्यांना मिळाली १९०० साली, लग्नानंतर पाच वर्षांनी. नवरा आणि लेकरं सोबत डोलोमाइटला जायची. १९०८ साली त्यांनी पुस्तक काढलं, ते खडकांवर नाही. शाळा सोडणाऱ्या पोरापोरींना कोणकोणती कामं-धंदे करता येतील, त्यासाठी काय शिकावं लागतं, याची ती माहिती होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या महिलांच्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या. युद्ध संपल्यावर राष्ट्रसंघात (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) बायांना जागा मिळावी म्हणून खटपट केली. १९१९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं पहिल्यांदा बायांना फेलो, म्हणजे सभासद केलं, त्या पहिल्या मोजक्या बायांत याही. त्याच वर्षी नवरा गेला. १९२० ला मॅजिस्ट्रेट झाल्या. १९२३ मध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या. तुझ्या वॉर्डातल्या हरलेल्या उमेदवारालाही हे सांग, बरं वाटेल त्याला.

आणि वाटेत एक मोठा खड्डाही आला. डोलोमाइटवरचा त्यांचा मोठा ग्रंथ जर्मनीत छपाईला तयार होता, तेवढ्यात १९१४ चं युद्ध पेटलं. युद्धानंतर शोधायला गेल्या तर नकाशे, छापाचे ठसे, काही हाती लागलं नाही. बाईंनी पुन्हा डोंगर चढून काम उभं केलं आणि १९२७ ला ते प्रसिद्ध झालं. वय ६३. याच काळात त्या कोर्टातही बसत होत्या. १९३२ मध्ये भूगर्भशास्त्रातलं मानाचं लायेल पदक मिळालं, १९३५ मध्ये ‘डेम’ किताब (पुरुषांना ‘सर’ तसा बायांना ‘डेम’), १९३९ मध्ये गेल्या.

यावर तू म्हणशील, मावशी, डॉक्टरची बायको होती, घरात पैसा होता. खरं आहे. ते मी झाकणार नाही. तुझ्याकडं सहा एकर आहे आणि त्यातही पावसाचा भरवसा नाही.

पण माझंही ऐक. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कार्यालयात मला पहिली दोन वर्षं फक्त दुसऱ्यांचे नकाशे रंगवायला बसवलं. फील्डवर बाईमाणूस कशाला? मग एका मे महिन्यात दोन साहेब एकदम रजेवर गेले आणि जीपमध्ये मला बसवावं लागलं. पहिल्याच गावात म्हातारे पारावरून उठले आणि माझ्या मागं पाहत विचारू लागले, “बाई, साहेब केव्हा येतील?” मी काही बोलले नाही. फितीच्या टोकाला खडू चोळला, फीत विहिरीत सोडली, वर ओढली, खडू जिथवर ओला झाला तिथवरचं वजा करून आकडा मोठ्यानं सांगितला. दुसऱ्या वर्षी तेच म्हातारे विचारत होते, “बाई, औंदा किती खाली गेलं?”

म्हणून मामाजींशी वाद घालू नको. पाणाड्याच्या नारळाबद्दल तर चकार शब्द काढू नको. गावातल्या दहा विहिरी निवड. मे अखेरीस आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पाणी किती खोल आहे ते मोज आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीच्या भिंती वाच. वरून मुरूम किती, जाळीदार भोकाभोकांचा खडक कुठं, काळा पाषाण कुठून लागला, दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो का. झरे पुष्कळदा त्या सांध्यावरच फुटतात. मामाजींच्या तीन बोअरमधून कितव्या फुटाला कोणता चुरा निघाला तेही विचार. मशीनवाल्याला आठवत असेल. तीन कोरडे बोअर म्हणजे तीन नोंदी आहेत, पैसे तसेही गेलेच आहेत. चौथा मारायच्या आधी त्या वहीत असू दे.

एक राहिलं. एवढ्या लांब पत्रात तू नवऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. भांडण असेल तर वेगळं पत्र टाक. नसेल, तर फितीचं दुसरं टोक धरायला त्याला बोलव.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे, हिंगणा तालुक्यात. आमच्या विहिरीच्या खोदकामात एका पांढुरक्या दगडात गोगलगाय सापडली. ती खरी आहे का?

उत्तर : खरी असणार बाबू, पण फार म्हातारी. इथं लाव्हा वाहत होता तेव्हा दोन लोटांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, त्यात गोगलगायी राहायच्या. मग पुढचा लोट आला आणि त्या दबल्या. ही सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरजवळच्या टाकळीला असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यानं शोधले. तेही स्कॉटलंडचेच. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून बोरीकडे येताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले, म्हणजे तुझ्याच भागात. वरच्या प्रश्नातल्या मारियाबाई त्याच्या पुढच्या वर्षी जन्मल्या.

गोगलगाय खिळ्यानं कोरून काढू नको, फुटेल. दगडासकट पेपरात गुंडाळ. वर चिठ्ठी लाव : गाव, कुणाची विहीर, किती फुटावर, तारीख. आणि बाबांना सांग, उरलेला मलबा बांधावर टाकायच्या आधी एक दिवस तुला चाळू द्या.