क्लासिकल गिटारच्या ट्यूनिंग मशीनमधून खुळखुळ आवाज येतो. पूर्ण संच बदलावा लागेल का?

आपल्या जुन्या क्लासिकल गिटारची चौथी तार मोकळी (कुठेही न दाबता) वाजवली की हेडस्टॉककडून, म्हणजे मानेच्या टोकाकडून, बारीक, धातूची खुळखुळ ऐकू येते आणि दुकानदाराने तारा ताणून स्वर जुळवणाऱ्या सहाही ट्यूनिंग मशीन बदलायला सांगितल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. माझे मत असे की, पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ आवाजाचा माग काढण्यात घालवावी. माझ्या गिटारला हेच दुखणे होते, मलाही हाच सल्ला मिळाला होता, आणि मी घाईने आणलेला नवा संच आजही डब्यात तसाच पडून आहे.

आवाज मशीनचाच आहे की नाही, हे आधी ठरवायला हवे. मोकळ्या चौथ्या तारेचा डी हा स्वर, म्हणजे सुमारे 147 हर्ट्झ, पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) आणि सहाव्या तारेवर दहाव्या फ्रेटलाही मिळतो. तिन्ही ठिकाणी तो सारख्याच जोराने वाजवून पाहावा. तिन्हीकडे खुळखुळ झाली, तर गिटारवरचा एखादा सैल भाग त्या स्वराला थरथरतो आहे आणि तार कोणती छेडली याच्याशी त्याचा संबंध नाही, असे समजावे. आवाज केवळ मोकळ्या चौथ्या तारेवरच आला, तर नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीतली, त्या तारेची खाच झिजून खोल गेली असण्याचा संभव अधिक. आणि तो ठरावीक फ्रेटवरच येत असेल, तर त्या फ्रेटच्या पुढचे फ्रेट तपासावेत. तारांची कापायची राहून गेलेली टोकेही पाहून घ्यावीत, कारण ब्रिजमागे (तारा जिथे बांधतात त्या पट्टीमागे) फळीला टेकलेले टोक हुबेहूब मशीनसारखे वाजते. मी स्वतः एकदा बराच वेळ नटला दोष देत बसलो होतो आणि आवाज निघाला गिटारच्या पाठीला टेकलेल्या सदऱ्याच्या गुंडीचा!

आता मशीनविषयी. तार ज्या दांडीवर गुंडाळते त्या रोलरच्या टोकाला एक दातेरी चाक असते आणि बटण फिरवल्यावर फिरणारा मळसूत्री दांडा त्या चाकाचे दात पुढे ढकलतो. तार ताणलेली असते तेव्हा तिच्या ओढीमुळे चाकाचे दात मळसूत्राला घट्ट टेकून बसतात. म्हणजे जो भाग ओझे वाहतो तो सहसा वाजत नाही, वाजतात ते रिकामे भाग. नायलॉनच्या एका तारेचा ताण साधारण सहा-सात किलो असतो, स्टीलच्या तारेपेक्षा बराच कमी, त्यामुळे क्लासिकल गिटारच्या मशीनमध्ये अशी रिकामी हालचाल शिल्लक राहण्याचा धोका जास्त. स्वर चढा झाल्यावर बटण उलटे फिरवून तो नेमका जागेवर आणून थांबण्याची सवय असेल, तर दातांमध्ये फट राहू शकते. मग मशीन वाजते आणि स्वरही उतरत राहतो. म्हणून स्वराच्या खाली जाऊन पुन्हा वर चढत जुळवावे.

मी शोध घेतला तो असा. मुलीला पाचव्या तारेवर डी एका लयीत वाजवत ठेवायला सांगितले आणि एकेक भाग बोटाच्या टोकाने हलकेच दाबत गेलो: आधी मशीन ज्यांवर बसवलेल्या असतात त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, मग चाकांच्या मध्यभागचे स्क्रू, मग बटणे. चौथ्या तारेच्या मशीनला काही केल्या फरक पडेना. बोट पहिल्या तारेच्या बटणावर गेले आणि आवाज चिमटीत धरल्यासारखा बंद झाला. बटण दांड्यावर बसवणारा इवलासा स्क्रू जेमतेम पाव वळसा सैल होता. खुळखुळ एका तारेवर आणि दोष भलत्याच तारेच्या मशीनमध्ये, हे इतके सर्रास घडते की सहाही मशीन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. (तंबोऱ्याच्या जवारीला सरावलेल्या माझ्या कानांनी ही झणझण काही महिने खपवूनही घेतली होती, हे कबूल करतो.)

दुरुस्ती सापडलेल्या दोषापुरतीच करावी, दिसेल तो स्क्रू आवळत सुटू नये. चाकाच्या मध्यभागचा स्क्रू अति आवळला तर मशीन जड होते, आणि पट्टीचे स्क्रू अति आवळले तर पट्टी वाकून रोलर अडकू लागतात. स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेत नेमके बसणारे हवे. पितळी स्क्रूचे डोके एका चुकीच्या झटक्यात खराब होते. चाकाचा स्क्रू पूर्ण काढायचा असेल, तर त्या तारेचा ताण आधी पूर्णपणे उतरवावा; ताणाखाली चाक सुटले तर ते हाताला लागू शकते.

पट्टीचा एखादा स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर लाकडातले आटे गेले आहेत असे समजावे. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि स्क्रूची पकड सुटते. पुण्यात मला हा प्रकार मार्च-एप्रिलमध्ये अधिक दिसतो. भोकात फेव्हिकॉल लावलेली दात कोरायची काडी बसवून, वर आलेला भाग कापून, रात्रभर वाळू द्यावे आणि मग तोच स्क्रू हाताने सावकाश बसवावा. जाड स्क्रू ठोकून बसवू नये, हेडस्टॉकच्या कडा तिथे फारच अरुंद असतात.

मळसूत्रावर काडीच्या टोकावर मावेल इतकेच पेट्रोलियम जेली लावल्यास फिरणे हलके होते आणि किरकोळ किणकिण दबते. पातळ तेल मी टाळतो, कारण ते ओघळून लाकडात मुरते.

मळसूत्र धरून ठेवणारे कान किंवा त्यांचे रिबीटच ढिले झाले असतील, तर स्वस्त मशीनमध्ये डागडुजी फार टिकत नाही, आणि अशा वेळी संच बदलणेच योग्य. मात्र त्याआधी दोन शेजारच्या रोलरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. प्रचलित माप 35 मिमी आहे, रोलरचा व्यास बहुधा 10 मिमी असतो, पण जुन्या गिटारमध्ये ही मापे वेगळी निघू शकतात. माझ्या गिटारमध्ये ते अंतर 39 मिमी निघाले, आणि डब्यातला तो संच मला परतही करता आला नाही.